सातवं बदक

"बघून सांगू नका, मोजून सांगा."

बाईंचं हे ठरलेलं वाक्य. ते म्हणताना उजव्या हाताची तर्जनी आधी हवेत उभी राहायची आणि मग टेकायला जागा शोधायची. टेबल असो, कागद असो, नाहीतर समोरच्याचा दंड असो, बोट टेकल्याशिवाय बाईंचा आकडा पुढे सरकायचा नाही.

पहिल्याच दिवशी मी त्यात सापडलो. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला तारीख द्यायची नसते, आशा द्यायची असते. मी नेहमीच्या सुरात म्हणालो, "दोन-चार दिवसांत करून देतो."

"दोन का चार?"

"तीन धरा."

"मी धरून काय उपयोग? काम तुम्ही करणार. मोजून सांगा की."

मी बोटांवर मोजलं. हाताशी आठ कामं होती. दहा दिवस लागणार होते. तसं सांगितल्यावर त्या खूश झाल्या. दहा दिवस सांगितल्यावर खूश झालेलं ते माझ्या दुकानातलं पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक.

माझं दुकान लक्ष्मीपुरीत आहे. बोर्डावर 'डीटीपी व डिझाइन' असं लिहिलंय, पण खरं काम विचाराल तर नसलेलं असल्यासारखं करणं. लग्नाच्या ग्रुप फोटोत वारलेले आजोबा बसवायचे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक कमी पडले तर मागच्या वर्षीचे आणून उभे करायचे. नवरदेवाच्या तोंडावरचे फोड घालवायचे, सासूबाई थोड्या हसऱ्या करायच्या. लोक फोटो बघून डोळे पुसतात आणि पेढे देऊन जातात. हे मी फुशारकीनं सांगत नाही, आणि लाजूनही नाही. पुढचं कळावं म्हणून सांगतोय.

बाई कळंब्याच्या अंगणवाडीच्या सेविका. माहेर शिरोळचं. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र गावच्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात, त्याचं बाहेरच्या पावण्यांना नवल वाटतं. बाई त्यातल्या पक्क्या. दारातच म्हणाल्या, "मी पुस्तक करायला आलोय." आणि पिशवीतून काडेपेटी काढली. काडेपेटीत कापूस, आणि कापसात कॅमेऱ्याचं कार्ड. लेकीनं वापरून दिलेला जुना कॅमेरा होता, त्याच्यातलं.

पुस्तक कसलं, तर अंकांचं. एक ते दहा. पण चित्रं काढलेली नकोत, फोटो हवेत, आणि तेही आसपासच्या पाखरांचे, पानांचे, किड्यामुंग्यांचे.

मी म्हटलं, "बाई, अंकांचे तक्ते बाजारात ढिगानं मिळतात. पाच आंबे, सहा चेंडू."

"म्हाईत हाय. माझ्या भिंतीवर हायत." त्यांनी बोट माझ्या टेबलावर टेकवलं. "त्यातला एक आंबा बघा आन् दुसरा बघा. एकाच छापातलं. पोरं पहिला आंबा बघत्यात आन् बाकीचं पाठ म्हणत्यात. परवा एका पोरानं वीसपर्यंत धाडधाड म्हटलं. दारात कोंबडी आलती पिल्लं घिऊन. म्हटलं, पिल्लं किती रे? तर म्हणतंय, लई."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"मांडून ठेवलेलं कुणालाबी मोजता येतंय, भाऊ. न मांडलेलं मोजता आलं पायजे."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. एक साधी गोष्ट त्यांच्या मनात बसते आणि मग ती आपल्या बोकांडी बसते. त्या दिवसापासून बाई माझ्या बोकांडी बसल्या.

त्यांचे नियम होते. फोटोसाठी काहीही उचलून ठेवायचं नाही, हलवायचं नाही. पान जिथं पडलं तिथं, दगड जिथला तिथं. आणि दुसरा नियम त्याहून कडक. प्रत्येक फोटो मी साध्या कागदावर छापून द्यायचा, त्या तो अंगणवाडीत नेणार, पोरांपुढे ठेवणार. पोरांनी मोजला आणि आकडा जमला, तरच तो पुस्तकात. आपण मोठ्यांनी पास केलेल्या फोटोला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती.

'एक'साठी त्यांनी म्हशीच्या पाठीवर बसलेला पांढराशुभ्र बगळा आणला. काय सुंदर फोटो होता. मी तर लगेच मुखपृष्ठावर टाकायला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी बाई परत. पोरं 'दोन' म्हणाली होती.

"दोन कसे?"

"म्हस कोण मोजणार?" बाई म्हणाल्या. "मलाच कळाय पायजे होतं."

मी म्हटलं, मी म्हैस काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी माऊसवरचा हात उचलला. "म्हस काढल्यावर बगळा बसंल कशावर?" असं विचारून त्या तळ्यावर गेल्या आणि आठवड्यानं चिखलात एका पायावर उभा असलेला बगळा घेऊन आल्या. तोही पोरांनी तपासला. एका पोरानं 'एक पाय' असं सांगितलं म्हणे. बाईंनी ते मान्य केलं, कारण आकडा बरोबर होता.

'चार'चं पान मला अजून पाठ आहे. टिटवीची चार अंडी. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या खड्यांतच अंडी घालते आणि अंडी खड्यांसारखीच दिसतात. बाई तीन सकाळी लांब बसून होत्या, टिटवी आपणहून उठून गेल्यावर त्यांनी एकच फोटो काढला आणि पाठीमागं सरकल्या. मी तो फोटो स्क्रीनवर बघितला आणि म्हणालो, "बाई, चुकून नुसत्या दगडांचा फोटो आलाय." त्या दिवशी बाई हसल्या. खुर्चीचा हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पोरांना मात्र चारही सापडली होती. चौथं शोधायला त्यांना अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात एकाही पोरानं शेजारच्याला चिमटा काढला नाही, हे बाई मला दोनदा सांगून गेल्या.

सदाफुलीच्या पाच पाकळ्या झाल्या, विहिरीवर लोंबणारे सुगरणीचे सहा खोपे झाले, कोळ्याचे आठ पाय झाले. नऊ आणि दहाही झाले. सात अडलं.

मी इंद्रधनुष्य सुचवलं.

"सात रंग कुणी मोजलंत? मला पाचच दिसत्यात."

मी सातवीण सुचवली. तिच्या पानांचा झुबका सात पानांचा असतो, नावच तसं आहे, असं ऐटीत सांगितलं. बाई दोन दिवस सातविणीखाली उभ्या राहिल्या. परत येऊन म्हणाल्या, "कुठं सहा, कुठं आठ. नावालाच सात. तुमच्यासारखीच हाय, बोर्डावर एक आन् आत एक."

तोवर इकडे छपाई ठरली होती. गावातल्या दूध संस्थेनं पुस्तकाचा भार उचलला होता. चेअरमन उत्साही माणूस, त्यांनी वाटपाचा कार्यक्रम ठरवून टाकला, मांडव सांगितला, पाहुणे सांगितले. त्या वर्षीची मोठी पोरं जूनमध्ये पहिलीला जाणार होती आणि ती जायच्या आत पुस्तक त्यांच्या हातात पडावं, ही बाईंची इच्छा. ही त्यांची शेवटची तुकडी होती. पोरं गेली की पाठोपाठ बाईही निवृत्त.

छपाईच्या आदल्या दिवशी बाईंनी कार्ड आणून दिलं. तळ्यावर हळदी-कुंकू बदकं उतरली होती. पिवळ्या टोकाची चोच आणि कपाळाशी लाल ठिपका, म्हणून तसं नाव. बाईंनी पहाटेपासून दुपारपर्यंत फोटो काढले होते. "सहाच हायत बघा," त्या म्हणाल्या. चेहरा पडलेला. "सातवं होतं. दर येळी त्येच नेमकं बुडी मारतंय. उद्या सकाळी परत जातो. मशीन दुपारपतोर थांबंल का?"

मशीन थांबणार नव्हतं. छापखान्यात माझ्या कामानंतर दुसरं काम लागलं होतं. त्या गेल्यावर मी फोटो उघडला. पाणी शांत होतं. डावीकडे जागाही छान मोकळी होती, अगदी एका बदकापुरती. मी तिसरं बदक उचललं, उलटं फिरवलं, थोडं लहान केलं, खाली पाण्यात त्याची सावली सोडली. वारलेले आजोबा बसवायला मला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि मग फोन करून मी बाईंना सांगितलं, "अहो बाई, तुमच्या कार्डावरच एक फोटो सापडला. सात आहेत त्यात."

मग बाई म्हणाल्या, "मला कसा दिसला न्हाय ओ?"

"इतके फोटो काढल्यावर एखादा नजरेतून सुटतो."

"सुटतोय खरं." त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "पोरांना दाखवायला पायजे होता. पण आता येळ न्हाय. तुम्ही मोजलासा न्हवं?"

"मोजली," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. सातच होती.

वाटप थाटात झालं. चेअरमननी भाषण केलं, पोरांनी पुस्तकं छातीशी धरून फोटो काढले. बाईंनी नवं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि मला सगळ्यांदेखत पुढे बोलावून गुलाबाचं फूल दिलं. मी ते घेतलं. आणि तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी मला काही म्हणजे काही वाटलं नाही. एक अडलेलं काम आपण सोडवलं, एवढंच वाटलं.

चौथ्या दिवशी ऐन दुपारी बाई दुकानात आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या, पण पाणी दिलं तर घेतलं नाही. पुस्तक उघडून सातचं पान माझ्यापुढे ठेवलं.

"ह्या बदकाच्या पाठीवर काय हाय?"

मी वाकून बघितलं. तिसऱ्या बदकाच्या पाठीवर एक पिवळं पान चिकटलं होतं. वाळलेलं, टोकाशी फाटलेलं. नखाएवढंसुद्धा नव्हतं.

"आन् ह्याच्या?"

डावीकडच्या बदकाच्या पाठीवरही तेच पान होतं. तसंच फाटलेलं, फक्त दुसऱ्या बाजूला वळलेलं. स्क्रीनवर मी तो फोटो शंभर वेळा बघितला असेल. बघितलाच होता फक्त.

मी सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. माझं झाल्यावर त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"सिद्धी म्हणून पोरगी हाय माझ्यात," त्या म्हणाल्या. "सकाळी तिला म्हटलं, मोज. ती म्हणाली, सहा. म्हटलं, नीट मोज. परत सहा. मी म्हटलं, अगं सात हायत, सगळ्यांनी सात मोजलं. तर म्हणती, बाई, ह्यो आन् ह्यो एकच हाय, दोनदा आलाय."

मी खाली बघत होतो.

"मी तिचं बोट धरलं, भाऊ. धरून एकेका बदकावर टेकवलं. एक, दोन, तीन. सातव्यावर ती बोट टेकंना. मी दाबून टेकवलं. म्हटलं, म्हण सात." बाईंचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "म्हणाली सात. रडत म्हणाली. मग खिचडी खाल्ली न्हाय तिनं. पोरं घरी गेल्यावर मी पुस्तक घिऊन बसलो, तवा मला पान दिसलं."

आयुष्यात मला पुष्कळ गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्यात. पत्रिकेत मुहूर्त चुकला म्हणून एकानं माझी कॉलरही धरली होती. त्यातलं काही मनाला लागलं नाही. त्या दुपारी बाई एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, "बाई, उद्या मी येतो. पोरांना सांगतो मी केलं म्हणून. त्या पोरीची माफी मागतो."

"तुम्ही नका येऊ."

"का?"

"तिला तुम्ही कोण म्हाईत हाय? बोट मी धरलं."

त्या उठल्या, पुस्तक पिशवीत टाकलं. दारातून वळून एवढंच म्हणाल्या, "सगळी पुस्तकं गोळा करतो. त्या पानावर काय चिकटवायचं ते बघा."

पुढचे दोन दिवस अंगणवाडीतल्या सतरंजीवर बसून आम्ही तिघं, बाई, अंगणवाडीच्या मदतनीस मावशी आणि मी, खळ लावून प्रत्येक पुस्तकातल्या बदकांवर पांढरा कागद चिकटवत होतो. पोरं तेवढ्यापुरती मावशींच्या घरच्या ओसरीवर बसवली होती. मी दुसरा फोटो सुचवला, खडे मांडून काढू म्हटलं, फुलं मांडू म्हटलं. बाई ऐकायला तयार नव्हत्या. वर ७ हा अंक आणि खाली कोरी चौकट. "खरं सात दिसलं की आणून देतो," त्या म्हणाल्या. "तवर कोरं बरं. कोऱ्या पानावर कुणी रडत न्हाय."

पोरांना, त्यांच्या आयाबापांना, चेअरमनना बाईंनी काय सांगितलं हे मी विचारलं नाही. छापखान्याची चूक झाली, असं सांगितलं असणार, असं मी धरून चाललो. अशा वेळी सगळे तेच सांगतात. गावानं मला दोष दिला तर ऐकून घ्यायचं, असंही ठरवून ठेवलं होतं. पण कुणी काही बोललंच नाही, आणि न बोलणाऱ्या गावाचे मी मनातल्या मनात आभार मानले.

जूनमध्ये पोरं पहिलीत गेली, बाई घरी बसल्या. घरी म्हणजे तळ्यावर. महिन्या-दोन महिन्यांनी दुकानात यायच्या, काडेपेटी पुढे करायच्या.

"आज साडेसहा हायत," म्हणायच्या. म्हणजे सहा बगळे पूर्ण आणि एकाची नुसती शेपटी. कधी आठ असायचे. एकदा सात भूछत्रं सापडली होती, ओळीनं, बघताच मी टाळी दिली. बाईंनी बोटानं स्क्रीनवर एक बारीक गोल डोकं दाखवलं. मातीतून नुकतं वर येत होतं. "ह्येला काय म्हणायचं? न्हाय म्हणायचं?" आठवं होतं ते.

मी एक-दोनदा तो जुना विषय काढायचा प्रयत्न केला. त्या म्हणायच्या, "च्या सांगा की भाऊ, किती येळ झाला." आणि बोलणं पाखरांकडे न्यायच्या. चहाला बसल्या की तिथल्या लग्नपत्रिका उचलून वाचायच्या, त्यातली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी बाळं मोजायच्या. एका पत्रिकेत अकरा निघाली. त्यावर आम्ही दोघं दिवसभर पुरेल इतकं हसलो. अशी तीनेक वर्षं गेली. मी पुस्तकाचं ओझं हळूहळू उतरवून ठेवलं होतं म्हणा ना.

गेल्या थंडीत त्या गेल्या. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी दवाखाना, आणि संपलं. मला मावशींचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फलकावर मोर बसवत होतो. मोर तसाच ठेवून दुकान बंद केलं आणि बाहेर पायरीवर बसलो. मला बहीण नाही. ती असती तर कशी असती, हे मला त्या पायरीवर कळलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या घरापुढेच होता. बुद्धवंदना झाली, भन्तेजींचं प्रवचन झालं, मग लोक एकेक करून बोलायला उठले. अंगणवाडीतून गेलेल्या पोरांचे आईबाप झाडून आले होते. मी मागच्या रांगेत मावशींच्या शेजारी बसलो.

चेअरमन बोलायला उठले. मनापासून बोलत होते. बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना कसं शिकवलं, पावसापाण्यात एक दिवस खाडा कसा केला नाही, सगळं सांगितलं. मग जरा वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले, "बाईंनी आमच्या पोरांना सगळं मोजायला शिकवलं. आता माणूस म्हटल्यावर चुकायचंच. एक सात तेवढं बाईंचं चुकलं. पुस्तक छापून झाल्यावर त्यांनीच सांगितलं, चेअरमन, मला सात मोजता आलं न्हाईत. तवापासनं आम्ही त्यांना सहाच्या बाई म्हणायचो, त्याबी हसायच्या."

मांडवात सगळे हसले. मायेनंच हसले, पण हसले.

मी मावशींकडे वळलो. "सहाच्या बाई?"

"समदं गाव म्हणायचं," मावशी हळूच म्हणाल्या. "तुम्हाला म्हाईत न्हाय व्हय? सुपरवायझर म्याडमनी लेखी घेतलं त्यांच्याकडनं. फोटू माझा, चूक माझी, असं लिहून दिलं बाईंनी. निवृत्तीला महिना ऱ्हायलेला. म्याडम म्हणाल्या, शिकवणाऱ्याला सात मोजता येत न्हाईत तर पुस्तकं कशाला काढताय. मी तिथंच हुभी हुतो."

"आणि माझं नाव?"

"तुमचं कशाला घेतील?"

तीन वर्षं. तीन वर्षं बाई माझ्या दुकानात चहा पीत होत्या, अन् घरी जाताना वाटेत कुणीतरी त्यांना 'काय सहाच्या बाई' म्हणत होतं. आणि मी त्यांना हसवल्याचा आनंद मानत होतो.

मी उठलो. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं आणि भाषणाचा मला सराव नाही. माईकपर्यंत गेलो तेव्हा चेअरमन खाली बसत होते. मी म्हणालो, "सात बाईंचं चुकलं नाही. बाईंनी मला सहाच आणून दिली होती आणि सहाच आहेत म्हणून सांगितलं होतं. सातवं बदक मी कॉम्प्युटरवर केलं. त्यांना खोटं सांगितलं की, तुमच्याच कार्डावर सापडलं. त्यांनी चूक आपल्या अंगावर घेतली, हे मला आत्ता, इथं बसल्यावर कळलं."

चेअरमननी टोपी काढून मांडीवर ठेवली. माईक ठेवून मी खाली उतरलो.

बायकांच्या रांगेच्या कडेला एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, तिसरीतली असावी. मी जवळून जायला लागलो तशी ती उठून उभीच राहिली. आईनं तिचा हात धरून खाली ओढलं, पण ती बसली नाही.

"ते तुम्ही केलतं?"

मी थांबलो. "व्हय. तू सिद्धी?"

तिनं मान हलवली. "बाई मला सॉरी म्हणाल्या होत्या. सगळ्या पोरांच्या म्होरं. दोनदा म्हणाल्या." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "तुम्ही केलतं तर बाई कशाला म्हणाल्या?"

आई म्हणाली, "गप बस की गं."

"मी म्हणायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

"मग म्हणा की."

मी गुडघ्यांवर बसलो. ती एवढीशी, आणि उभं राहून तिला सांगणं मला जमलं नसतं. "सॉरी," मी म्हणालो. "सहाच होती. तू बरोबर मोजली होतीस."

तिनं ऐकून घेतलं. मग मावशींनी पुढच्या बाजूला ताटं मांडायला घेतली, तशी ती आईचा हात धरून जेवायला गेली.